तिघांत तिसरो

कणकवलीच्या चौकात भर सकाळी भिकाजी धुरीला भिकाजी धुरी भेटला, आणि त्याने आधी त्याला ओळखलंच नाही. हातात मासळीची, ताज्या बांगड्यांची पिशवी होती, तिच्यातून पाणी ठिबकत होतं म्हणून ती अंगापासून लांब धरून तो रस्ता ओलांडायला उभा होता. समोरच्या खांबाला नवा फ्लेक्स बांधलेला. त्यावरचा माणूस गोरापान होता, गालावर एक सुरकुती नव्हती, गळ्यात पदक होतं आणि साऱ्या कणकवलीकडे बघून तो हसत होता. कुणीतरी निवडणुकीला उभं राहिलंय, असं भिकाजीला वाटलं. मग त्याचं लक्ष कानांकडे गेलं. धुरींचे कान पिढ्यान्‌पिढ्या बाहेर आलेले. फ्लेक्स करणाऱ्याने बाकी सगळं घासूनपुसून काढलं होतं, कान तेवढे ठेवले होते. ‘आंतरराष्ट्रीय कीर्तीचे धावपटू, जगात तिसरे, गावचे सुपुत्र श्री. भिकाजी धुरी यांचे हार्दिक अभिनंदन! रविवारी सकाळी श्री देव रवळनाथ मंदिरात जाहीर सत्कार.’ खाली शुभेच्छुकांच्या तोंडांची रांग, आणि ती तोंडं सत्कारमूर्तीपेक्षा जास्त खूश. त्याला नुकतेच बांगडे विकलेली मासेवाली टोपली घेऊन मागून आली नि म्हणाली, “भिकाजीनू, ह्ये तुमीच मां? फोटोत बरे दिसतास!” तो हसला. “व्हय, मीच,” म्हणाला. आणि हे म्हटल्यावर त्याच्या मानेतून एक ऊब वर चढली, कानांपर्यंत गेली आणि तिथेच बसली. भर चौकात कुणीतरी आपलं धोतर सोडावं आणि वर हारही घालावा, तसं त्याला झालं. रस्ता मोकळा झाला तरी तो बराच वेळ ओलांडेना.

आता, लाज वाटावी असं त्याने केलं होतं तरी काय? म्हटलं तर काहीच नाही. परदेशात तो खरंच गेला होता. ज्येष्ठांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत खरंच उतरला होता. पदक खरं होतं, त्याच्यावरचा तिसरा क्रमांकही खरा होता. तो धावला नव्हता, चालला होता, एवढीच एक चूक. पण ती त्याची नव्हे. मैदानी खेळांत चालण्याची म्हणून एक शर्यत असते हेच मुळात गावात कुणाला पटत नसे. एक पाय सतत जमिनीला लागलेला हवा, पुढचा पाय टेकताना गुडघा ताठ हवा, आणि कडेला पंच तुमच्या पायांत डोळे घालून उभे. असं चालताना कंबर बदकासारखी डुलते. निवृत्तीनंतर भिकाजी पहाटे हायवेच्या कडेने असा डुलत जाऊ लागला तेव्हा लोक सुगंधाला, म्हणजे त्याच्या बायकोला, विचारत, “घोवाच्या कमरेत काय भरलाहा काय गो?” हे सगळं चालण्यासारखं होतं. न चालण्यासारखी गोष्ट वेगळीच होती. साठीच्या पुढच्या त्याच्या गटात, त्या शर्यतीला, उतरले होते तिघे. तीन माणसं उतरली आणि भिकाजी धुरी तिसरा आला. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात. इथे वासरंही दोनच, आणि लंगडी गाय त्यांच्याही मागे. पहिला आला, दुसरा आला, दोघे पाणी प्यायले, बूट सोडून बसले, आणि भिकाजी त्या लालभडक धावपट्टीवर एकटाच फेरे घालत राहिला. पुढच्या शर्यतीचे लोक कडेला उभे राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते. कीव करणाऱ्या टाळ्या कानाला वेगळ्या लागतात, ते कुणाला शिकवावं लागत नाही. मग तिघांना तीन पायऱ्यांवर चढवलं. खाली कुणी उरलंच नव्हतं.

आणि हे दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर त्याला एक वेळ कळलंही नसतं की ह्यात खाली मान घालण्यासारखं काय आहे. भिकाजीला ते कळत होतं, कारण आयुष्यभर त्याने दुसरं काही वाचलं नव्हतं. एसटीत वाहतूक नियंत्रक असताना मालवण, देवगड, वैभववाडी पुकारून झालं की मधल्या वेळात तो खिडकीशी वर्तमानपत्राचं शेवटचं पान घेऊन बसे. मग वाचनालयातून जाडी पुस्तकं आणू लागला. जगात लोक कसे धावत आले, हे त्याला गावातल्या भाऊबंदकीपेक्षा जास्त पाठ होतं. जुन्या ग्रीकांत एकच जिंकायचा, दुसऱ्याला कुणी विचारत नसे. अठराशे शहाण्णव साली अथेन्सला नव्याने सगळं सुरू झालं तेव्हा पहिल्याला रुपं मिळालं, दुसऱ्याला तांबं, आणि तिसऱ्याला काही नाही. तिसरा हात हलवत घरी गेला. तिसऱ्यालाही काही द्यावं हे माणसाला नंतर सुचलं. तेव्हा आपापल्या खर्चाने जो बोटीत बसून येईल तो खेळाडू. एकेका शर्यतीला चार डोकी जमायची मारामार. मग देशांचे संघ आले, निवडचाचण्या आल्या, राखेच्या धावपट्ट्या जाऊन रबरी आल्या, पंचाच्या हातातलं घड्याळ जाऊन यंत्राचा डोळा आला, आणि केसाइतका फरकही दिसू लागला. बायकांना आत घेतलं, तेही कुरकुरत. एकोणीसशे पंचाहत्तर साली म्हाताऱ्यांना स्वतःची जागतिक स्पर्धा मिळाली, पाच पाच वर्षांचे गट पाडून, की कुणी मागे राहू नये. फ्लेक्स बघून घरी येईपर्यंत भिकाजी हा सगळा इतिहास स्वतःच्या बाजूने उभा करत होता. त्या पहिल्या स्पर्धांतही असे तिघांत तिसरे कितीतरी असतील, त्यांची नावं आज छापली जातातच की. पण इतिहास साक्षीला आला की दोन्हीकडून बोलतो. शहाण्णव साली असता, तर भिकाजीही हात हलवतच घरी आला असता.

घरी सुगंधा फोनवर होती. चेहऱ्यावर असं तेज की त्याने बांगडे मुकाट मोरीत ठेवले. पलीकडे गावचा सुशांत, क्रीडा मंडळाचा अध्यक्ष, फ्लेक्स त्याचाच. “व्हय, व्हय, आमी आदल्या दिसाकच येतो,” ती म्हणत होती. “नवस पण फेडूचो आसा मां.” फोन ठेवून ती म्हणाली, “देवळात शिवा घाडी देवाक गाऱ्हाणा घालतलो. मी बोललंय होतंय, पदक इला तर रवळनाथाक नारळांचा तोरण बांदीन.” भिकाजीने विचारलं, “असो नवस कित्याक बोललंस?” “मगे? लोक माका हसत होते, मी काय करतलंय?” एवढं बोलून ती बांगडे साफ करायला बसली, आणि करता करता गुणगुणू लागली. इतकी वर्षं त्याच्या कमरेच्या डुलण्याची चेष्टा तिने बाजारात, लग्नात, बारशात ऐकली होती. तिला एकदाच उत्तर मिळालं होतं आणि ते खांबाला बांधलेलं होतं. तिला आत्ता सांगावं, असं त्याच्या मनात आलं. ‘सुगंधा, तीनच जण होते गो.’ वाक्य एवढंसं होतं. परत आला त्या दिवशी ते सहज निघून गेलं असतं, हसण्यावारी गेलं असतं. पण त्या दिवशी जो तो ‘कितवो इलंस?’ विचारत होता, आणि ‘तिसरो’ म्हटलं की पुढे विचारायची कुणाला गरजच पडत नव्हती. झाकली मूठ तशीच राहिली. आता तिच्यावर एवढं मोठं घर उभं राहिलं होतं की मूठ उघडावी तर आत सुगंधा बसलेली.

एकीने मात्र विचारलं होतं. त्याच्या धाकट्या भावाची मुलगी, भक्ती. कॉलेजात जाते, आठशे मीटर धावते. तिला धावायला लावलं तेच मुळी ह्या काकाने. भात कापून झालेल्या मळ्यात चुन्याची रेघ मारून त्याने तिला पहिल्यांदा उभं केलं होतं. परत आला त्या दिवशी सगळे पदक हातात घेऊन वजन करत होते, आणि ही लांबून म्हणाली, “काका, किती जण होते?” ज्याला शर्यत म्हणजे काय हे माहीत असतं, तोच हे विचारतो. भिकाजीने तिच्याकडे न बघता, पदकाची फीत नीट करत म्हटलं, “होते गो, बरेच.” ‘बरेच’ हा शब्द त्याच्या तोंडातून असा सहज गेला की त्याला स्वतःलाच नवल वाटलं. इतर सगळ्यांशी तो फक्त गप्प राहिला होता. खोटं तो ह्या एकीशीच बोलला. त्यानंतर घास गिळताना, बूट घालताना, देवासमोर हात जोडताना तो शब्द मधूनच आठवे, आणि तो तोंडाने ‘हट्’ असा आवाज करी. सुगंधा विचारी, काय झाला? तो म्हणे, माशी.

शनिवारी दुपारी ते गावी पोचले. मिठबावच्या अलीकडचं गाव, समुद्र दिसत नाही पण वाऱ्याला खारट वास. बसथांब्यावर आणखी एक फ्लेक्स, शाळेवर एक, आणि घराच्या पेळेला, म्हणजे कुंपणातून आत शिरायच्या वाटेवरच, एक. स्वतःच्या हनुवटीखालून वाकून भिकाजी घरात गेला. भक्ती मागच्या अंगणात काजू सुकवत होती, पायांत घरातल्या सपाता. तिची आई म्हणाली, “आता तुमीच सांगा भावजीनू तिका. मैदानार जाणा सोडल्यान. पंदरा दीस झाले, बूट माळ्यार टाकल्यान.” भिकाजी अंगणात गेला आणि तिच्या समोर पायरीवर बसला. त्यानेही दोनचार काजू उलटे केले. मग तो म्हणाला, “पाय दुखता काय?” ती म्हणाली, “नाय.” “मगे?” तिने वर बघितलं नाही. “काका, मी विभागात सहावी इलंय. माझ्या गटात सहावी. पुढे जाणारी दोघांच. मी काय केलंय नव्हता? तुमी सांगलास तसाच सगळा केलंय. आणि तुमी बघा. साठी उलटली तुमची, नी जगात तिसरे. माका वाटला, ज्येच्यात असता त्येच्यात असता. रस्त्यान जाताना तुमचो फोटो बघतंय, आणि माका माझीच लाज वाटता.”

भिकाजीच्या हातात एक काजू होता, तो त्याने खाली ठेवला. सहावी. ज्या शर्यतीत मुली कोपराने एकमेकींना ढकलत वळण घेतात, जिथे मागे आणखी किती तरी धापा टाकत असतात, तिथे ही सहावी. आणि तिला लाज वाटत होती. त्याला एक जुनी गोष्ट आठवली, जी त्याने ह्याच पायरीवर बसून तिला सांगितली होती. एकोणीसशे अठ्ठावीस साली पहिल्यांदाच बायका ऑलिम्पिकात आठशे मीटर धावल्या. शेवटी दमल्या, दमणारच. पण वर्तमानपत्रांनी लिहिलं की बायका धडाधड कोसळल्या, दृश्य बघवत नव्हतं. अंतिम फेरीत धावल्या होत्या नऊ जणी, आणि एका बातमीत दीनवाण्या बायका निघाल्या अकरा. तेवढ्यावरून बायकांची ती शर्यत बंद झाली, ती साठ सालापर्यंत. भक्ती तेव्हा केवढी हसली होती. “दोन बायका जास्तीच्या खयसून हाडल्यांनी मेल्यांनी?” म्हणाली होती. आणि आज तिच्यासमोर, तिच्याच अंगणात, एक काका बसला होता, ज्याने त्या बातमीदारासारखीच ‘बरेच’ म्हणून पदरची माणसं मिसळली होती, आणि ह्या मुलीचीही तीच शर्यत बंद पडली होती. आता सांग, असं त्याच्या आतलं सगळं ओरडत होतं. एवढी चांगली वेळ पुन्हा यायची नाही. तो खाकरला. आणि त्याच्या तोंडून, फलाटावर गाडी पुकारायच्या त्या सरकारी मराठीत, वाक्य आलं, “हे बघ, प्रयत्न सोडायचे नसतात. सराव चालू ठेव.” भक्तीने मान हलवली. सपाता ओढत ती आत गेली. मेल्याहून मेल्यासारखं होणं ही बोलायची पद्धत आहे असं तो समजत होता; त्या पायरीवर त्याला कळलं की ते शब्दशः घडतं. हात, पाय, कान, सगळं जागेवर असतं आणि त्यातला एकही अवयव आपला वाटत नाही. काजूंवर ऊन सरकत गेलं. तो तिथेच बसून राहिला.

रविवारी देवळात अख्खी वाडी लोटली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, जो तो आपल्याकडेच बघतोय आणि मनात मोजतोय असं भिकाजीला वाटत होतं. खरं तर लोक शाल किती भारी आहे ते बघत होते. सुशांतने शाल घातली, सुगंधाने पदर सावरून नारळांचं तोरण पुढे ठेवलं. मग शिवा घाडी उठला. ऐंशीच्या घरातला, काटकुळा माणूस, पण गावाच्या वतीने देवाशी बोलायचा मान त्याचा, आणि तो बोलायला लागला की देवळाच्या खांबांनाही ऐकावं लागे. वर्तमानपत्रात काहीही छापतात, फ्लेक्सवर तर विचारूच नका. पण गाऱ्हाणं म्हणजे रवळनाथाला सांगितलेलं. तिथे गाव ‘व्हय’ म्हणतो म्हणजे गाव साक्षीला उभा राहतो. लहानपणी आजीने भिकाजीला सांगितलं होतं, ज्याचं मन नसेल त्याने तोंडही हलवू नये. तांदूळ मुठीत धरून, डोळे मिटून शिवा घाडीने सूर लावला.

“बा देवा रवळनाथा, वाडीवाडीच्या धन्या, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले. भिकाजीही म्हणाला.

“आज ह्या तुझ्या लेकरान, धुऱ्यांच्या भिकाजीन, समुद्रापलीकडे जावन तुझा नाव केल्यान, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” भिकाजीचे ओठ हलले, आवाज आला नाही.

“साऱ्या जगाचे गडी थंय जमले, आणि ह्येना एकट्यान त्येंका मागे टाकल्यान, म्हाराजा!”

“नाय म्हाराजा.”

आवाज फार मोठा नव्हता. पण त्या देवळात आजवर त्या जागी तो शब्द कुणी उच्चारला नव्हता, त्यामुळे लोकांच्या तोंडातला ‘व्हय’ अर्ध्यातच राहिला. घंटेखाली खेळणारी पोरंसुद्धा थांबली. भिकाजीला स्वतःच्या कानांत रक्त वाजताना ऐकू येत होतं. तो देवाकडे बघून, हात जोडून, भरभर बोलला, थांबलो तर संपलं अशा घाईने. “शिवादा, असा नाय ता. मी धावूक नाय, चाललंय. आणि चालणारे तीनच जण होते. मी तिसरो इलंय. माझ्या मागे कोण नव्हतो.”

आता काय होईल ते होवो, असं त्याला वाटलं. कुणी थुंकेल, कुणी शाल ओढून घेईल, सुगंधा उठून जाईल. त्या क्षणी त्याला ते सगळं चालणार होतं, हवंच होतं. शिवा घाडीने डोळे उघडले नाहीत. गाऱ्हाणं मध्ये तोडायचं नसतं, आणि त्याने ते तोडलं नाही. मुठीतले तांदूळ त्याने जरा घट्ट धरले, श्वास घेतला, आणि त्याच सुरात पुढे निघाला.

“तर म्हाराजा, तिघांत तिसरो इलेलो ह्यो तुझो भिकाजी आज तुझ्या पायाकडे उबो आसा. काय चुकला माकला आसात ता पोटात घाल, आणि ह्येका असोच चालतो ठेव, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” देऊळ दणाणलं. मघाचं अर्धं राहिलेलंही लोकांनी त्यातच भरून काढलं. नारळ फुटला, पाणी उडालं, कुणी तरी हसलं, आणि प्रसादासाठी गर्दी झाली. संपलं. एवढंच. जे ओझं त्याने विमानातून आणलं होतं, ज्याच्याखाली तो इतके दिवस वाकला होता, ते गावाने खोबऱ्याच्या तुकड्याबरोबर चघळून गिळून टाकलं. सुशांत पाठीवर थाप मारून म्हणाला, “काकानू, तुमी पण काय! तिसरे ते तिसरेच मां? फ्लेक्सार चुकीचा काय आसा?” एक म्हातारा म्हणाला की एवढ्या लांब जाऊन परत आला हेच खूप. सुगंधा तोरण बांधत होती. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. फक्त “वर धर जरा,” म्हणाली आणि गाठ मारली. ती गाठ तिने नेहमीपेक्षा करकचून मारली. त्याच्यावर रागावणारी गावात तीच एक उरली आहे, आणि तीही आज बोलणार नाही, हे त्याला समजलं. माफी मिळाली होती, ती न मागता, फुकट, सगळ्यांकडून. आणि त्या माफीने लाज कणभर कमी झाली नव्हती. उलट आता ती लपवायलाही जागा राहिली नव्हती.

तो शाल खांद्यावरून काढत देवळाबाहेर आला. पिंपळाच्या पाराशी भक्ती उभी होती. गाऱ्हाण्यात सगळ्यांबरोबर तिने ‘व्हय’ म्हटलं की नाही, हे त्याने बघितलं नव्हतं. आता तिच्या तोंडाकडे बघून कळलं, म्हटलं नव्हतं. भिकाजी जवळ जाऊन उभा राहिला. आज त्याला हलकं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटतही होतं. आता ही माळ्यावरून बूट काढील, उद्यापासून मैदानावर जाईल, असं काहीसं त्याच्या मनात येऊन गेलं होतं, खोटं कशाला सांगा. “आयकलंस मां?” तो म्हणाला. “सगळ्यांसमोर सांगलंय. देवाक सांगलंय.”

भक्ती त्याच्याकडे सरळ बघत होती. रडत नव्हती, चिडलीही नव्हती.

“देवान खंय इचारल्यान, काका?” ती म्हणाली. “इचारलंय होतंय मी.”